उनाड मालाची ट्रॉली

घरात तिला कोणी खऱ्या नावानं हाक मारत नसे. दादानं लहानपणीच तिचं नाव ‘टापटीप’ ठेवलं आणि ते असं चिकटलं, की शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरीत खरं नाव पुकारलं तेव्हा ही दुसरीच कोणीतरी असणार म्हणून स्वस्थ बसून राहिली. वर्गात बसून गैरहजर लागलेली ती पहिली विद्यार्थिनी असावी.

दोष तिचा नव्हता, रक्ताचा होता. बाबा बस डेपोच्या भांडारात कामाला. ब्रेकच्या पट्ट्यांपासून वायपरच्या रबरापर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. बरं, माणसानं नोकरी डेपोत ठेवून घरी यावं, तर तेही नाही. घरातसुद्धा कात्री खिळ्याला, टॉर्च दाराच्या डाव्या हाताला, सुईदोरा वरच्या खणात. पेनाचं टोपण जागेवर दिसलं नाही तर बाबांचा घास हातातच अडायचा. आईनं लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मिठाचा डबा डावीकडचा उजवीकडे ठेवला होता; भांडण जुंपलं की तो डबा अजून निघतो. अशा घरात वाढलेली पोर. कुणाकडे पाहुणी गेली तरी दारातल्या वाकड्या चपला सरळ केल्याशिवाय तिला आत जाववत नसे. दादा म्हणायचा, “हिला बागेत नेऊ नका. गळलेली पानं उचलून झाडाला चिकटवत बसेल.”

टापटीप मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आली. कॉलेजचा नियम असा, की सुट्टीत एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करायची, तिथल्या खऱ्याखुऱ्या प्रश्नावर प्रोजेक्ट करायचं आणि शेवटी साहेबाची सही आणायची. सही नाही तर पदवी नाही. वर्ष वाया, पुढल्या सुट्टीत पुन्हा दारोदार. वर्गातल्या बाकीच्यांचे काका-मामा कुठल्या ना कुठल्या कंपनीत चिकटलेले होते. हिचे काका पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायचे आणि मामा चष्म्याच्या काचा घासायचा. त्यामुळे हिनं आपले अर्ज आपणच केले, दिसेल त्या कंपनीला केले, आणि साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं एका छताखाली विकणाऱ्या एका मोठ्या साखळी कंपनीनं तिला बोलावलं. पत्र आलं त्या संध्याकाळी बाबांनी ते तीनदा वाचलं आणि मग ते कुठे ठेवायचं यावर अर्धा तास विचार केला.

मुख्य कचेरी म्हणजे सगळी काचच काच. दार कुठलं आणि भिंत कुठली हे कळायला माणसानं आधी कपाळ आपटून घ्यावं लागे. टापटीपनं ते रीतसर आपटून घेतलं आणि मग साहेबांपुढे उभी राहिली. साहेब बुटके, मृदू बोलणारे. पण त्यांच्या टेबलावर एकही कागद नव्हता, हे बघून तिला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला.

“आमचं एक जुनं दुखणं आहे,” साहेब म्हणाले. “दुकान बंद करताना माल भलत्याच जागी सापडतो. लोणी टॉवेलांत, शांपू बिस्किटांत. दुकानातली माणसं त्याला ‘उनाड माल’ म्हणतात. खाण्याचं असेल तर नासतं आणि बाकीचं परत लावण्यात माणसांची संध्याकाळ जाते. हे का होतं, कमी कसं करता येईल, एवढं तुम्ही शोधायचं. एका शाखेत जाऊन राहा. रोज किती उनाड सापडलं, त्याचा आकडा मला पाठवा.”

वस्तू भलत्या जागी का जातात. टापटीपला वाटलं, आपला जन्मच या प्रश्नासाठी झाला आहे.

शाखेवर मॅनेजरबाईंचं राज्य होतं. पन्नाशीच्या, उंच, चालताना किल्ल्यांचा जुडगा वाजायचा आणि तो वाजला की बिस्किटांच्या रांगेतल्या गप्पा आपोआप थांबायच्या. त्यांनी हिला वरून खाली बघितलं आणि विचारलं, “उभं राहता येतं का?”

“हो, मॅडम.”

“दिवसभर?”

“हो, मॅडम.”

“बघू. मागचा इंटर्न दुपारी गाद्यांच्या विभागात सापडला होता. झोपून गुणवत्ता तपासत होता म्हणे.”

दुसरी ओळख झाली बिलाच्या काउंटरवरच्या पोराशी. माल मशीनवरून सरकवण्याच्या वेगामुळे त्याला सगळे ‘बुलेट’ म्हणत. हात जितका चाले त्याच्या दुप्पट तोंड. त्यानं पहिल्याच दिवशी हिचं नाव ‘इंटर्नबाई’ करून टाकलं.

कामाला सुरुवात झाली. टापटीप सकाळपासून दुकानभर फिरायची, बघायची, आणि दुकान बंद व्हायच्या सुमाराला उनाड माल मोजून आकडा साहेबांना पाठवायची. आकडा येई जेमतेम मूठभर. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. पहिला आठवडा गेला, दुसरा लागला, तरी आकडा वर यायचं नाव घेईना. बाकीच्या शाखांत उनाड मालाच्या टोपल्याच्या टोपल्या निघत होत्या आणि ही शाखा म्हणजे जणू संतांची वस्ती.

मुख्य कचेरीतून अभिनंदनाची मेल आली, तीही सगळ्या शाखांना. ‘या शाखेकडून शिका.’ मॅनेजरबाईंनी कधी नव्हे ते हसून दाखवलं आणि मेलची प्रत काढून जेवणाच्या खोलीत भिंतीला लावली. त्या दिवशी किल्ल्यासुद्धा जरा गोड वाजत होत्या.

मग साहेबांचा फोन आला. “तुमच्या शाखेत प्रश्नच दिसत नाही. मग अभ्यास कशाचा करणार? सोमवारपासून इकडे या, जुन्या फायलींच्या नोंदी करायला माणूस हवंच आहे.”

“आणि प्रोजेक्ट, साहेब?”

“प्रोजेक्ट आता कसलं. कॉलेजला कळवू, विषय जमला नाही म्हणून.”

टापटीप फोन हातात धरून बिस्किटांच्या रांगेत उभी राहिली. एक वर्ष डोळ्यांदेखत पाण्यात चाललं होतं. समोर बिस्किटांच्या पुड्यांमध्ये कुणीतरी खोवलेली मोज्यांची जोडी होती. तिनं ती उचलली आणि कपड्यांच्या विभागाकडे चालू लागली.

“अगं, कुठे निघालीस?” काउंटरवरून बुलेट ओरडला. गिऱ्हाईक नसल्यामुळे त्याची जीभ मोकळी होती.

“मोजे जागेवर ठेवते.”

“सकाळी तेलाची बाटली जागेवर ठेवलीस. काल उशी ठेवलीस. परवा तो दाढीचा साबण. मी इथे बसून बघतो ना. चोर मोजायला पाठवलेल्या पोलिसानं दिवसभर चोरांना घरी पोचवावं आणि संध्याकाळी लिहावं, गावात चोर नाहीत.”

टापटीपचे पाय जागीच थांबले. हातात मोजे होते. ते आपण कधी उचलले, हे तिला खरोखर आठवेना. पंधरवडाभर हाच प्रकार चालला होता. डोळ्याला वाकडं दिसलं की हात पुढे व्हायचा, डोक्याला न विचारता. बाबांनी वीस वर्षं घालून जी सवय लावली होती, तिनं तिचं प्रोजेक्ट इमानेइतबारे झाडून साफ केलं होतं.

आता साहेबांना फोन करून खरं सांगायचं, हे उघड होतं. पण त्या भिंतीवरच्या मेलचं काय? आपण तोंड उघडलं की मॅनेजरबाईंचं कौतुक त्या भिंतीवरून खाली येणार. गप्प बसलं तर बाईंचं नाव राहतं, आपलं वर्ष जातं. तिनं बराच वेळ दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि शेवटी आधी मॅनेजरबाईंच्या खोलीचं दार ठोठावलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, जेवणाच्या खोलीत गेल्या, मेलची प्रत भिंतीवरून काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि परत येऊन खुर्चीत बसल्या.

“मला शंका होतीच,” त्या म्हणाल्या. “माझी गिऱ्हाइकं मी ओळखते. एवढं पुण्य आमच्या पदरात नाही.”

“सॉरी, मॅडम.”

“सॉरी राहू दे. तू आधी माझ्याकडे आलीस. परस्पर साहेबांना सांगितलं असतंस ना, तर तुला गोठवलेल्या वाटाण्यांत ठेवलं असतं. लाव फोन. मी शेजारी बसते.”

साहेबांनी पलीकडून विचारलं, “म्हणजे आतापर्यंतचे आकडे खोटे?”

“खोटे नाहीत, साहेब. पण ते दुकानाचे नाहीत, माझ्या हाताचे आहेत. मला थोडे दिवस द्या. आता हात लावणार नाही.”

मॅनेजरबाईंनी फोन आपल्याकडे ओढला. “पोरगी चुकली, पण चूक माझ्या खोलीत घेऊन आली. असे इंटर्न मला फारसे मिळत नाहीत. द्या दिवस.”

पुढच्या शनिवारपर्यंत मुदत मिळाली. शनिवारी साहेब स्वतः शाखेत येणार होते. काही दाखवण्यासारखं असेल तर सही, नसेल तर नाही.

मग सुरू झाली टापटीपची खरी परीक्षा. उनाड वस्तूला हात लावायचा नाही. नासणारं काही दिसलं तर बुलेटला खूण करायची, तो उचलेल. बाकी सगळं आहे तिथे राहू द्यायचं. तिनं दोन्ही हातांनी एक जाडजूड फाईल छातीशी धरली, म्हणजे हात अडकलेले राहतील. केकच्या साच्यांत पडलेला टूथब्रश तिनं सकाळपासून चार वेळा पाहिला आणि चारही वेळा फाईल आणखी घट्ट आवळली. बुलेट येता-जाता विचारायचा, “इंटर्नबाई, ताप आहे का? चेहरा उतरलाय.”

पण हात बांधले गेले आणि डोळे सुटले. इतके दिवस तिला उनाड वस्तू दिसत होत्या. आता त्या सोडून जाणारी माणसं दिसायला लागली. तिला वाटलं होतं, लोक बेफिकीर असतात, कुठेही टाकतात. तसं नव्हतं. लोक टाकत नव्हते, लपवत होते. सुटाबुटातल्या एका गृहस्थानं दाढीचं महागडं क्रीम मेणबत्त्यांच्या मागे सारलं आणि लेबल भिंतीकडे केलं. एका आईनं लेकराची नजर चुकवून रंगांची पेटी मासिकांखाली घातली. एक निवृत्त शिक्षक रोज येत. मुलांना अजून दरडावू शकतील असा आवाज. त्यांनी जॅमची बाटली परातभर चमच्यांच्या आड ठेवली आणि वर पाहिलं, तर समोर टापटीप. गुरुजींचा चेहरा कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला. टापटीपनं चटकन पाठ फिरवली आणि साबणाच्या किमती वाचत बसली.

आणि हे सगळं घडत होतं एकाच पट्ट्यात, बिलाच्या रांगेलगत. दुकानभर माणूस ऐटीत वस्तू घेत फिरतो. रांगेत उभा राहिला की मनात बेरीज सुरू होते, बायकोचा चेहरा आठवतो, घरी अर्धी बाटली शिल्लक आहे हेही आठवतं. परत जागेवर ठेवायला जावं तर रांगेतला नंबर जातो. काउंटरवर ‘हे नको’ म्हणावं तर मागची सगळी रांग ऐकते. मग बिचारा करतो काय, तर जवळचा कोपरा शोधतो.

हे तिनं जेवणाच्या खोलीत सांगितलं तेव्हा बुलेटचा घास थांबला. “खरंय,” तो म्हणाला. “मीच कधीकधी जोरात म्हणतो, ‘हे काढू का बिलातून?’ लोक असे आक्रसतात.”

“मग त्यांना लपवायला लागू नये अशी जागा देऊ,” टापटीप म्हणाली. “रांग वळते तिथे एक रिकामी ट्रॉली. काउंटरवरून दिसणार नाही अशी. वर पाटी.”

पाटीवर काय लिहायचं यावर तासभर खल झाला. ‘नको असलेला माल येथे टाकावा,’ असं मॅनेजरबाईंनी सुचवलं. बुलेट म्हणाला, हे कचराकुंडीवर शोभेल. त्यानं सुचवलं, ‘लाजू नका,’ तर बाई म्हणाल्या, त्यानं न लाजणारेही लाजतील. शेवटी टापटीपनं लिहिलं: ‘आज नको? इथे ठेवा. आम्ही जागेवर लावू.’ बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चिकटपट्टी पुढे केली, म्हणजे पसंत.

ट्रॉली लागली आणि दिवसभर रिकामी राहिली. समारंभातल्या पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांसारखी. सगळे बघतात, बसत कोणी नाही. टॉवेलांत लोणी मात्र नेमानं येत राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. शनिवार उंबरठ्यावर आलेला.

“कुणीच ठेवत नाही,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“ठेवतात की,” मॅनेजरबाई शांतपणे म्हणाल्या. “सकाळी एका बाईनं कंगवा ठेवला. तू उचलून नेलास. मग कुणी बल्ब ठेवला. तोही तू नेलास. फाईल कुठाय तुझी?”

फाईल टेबलावर होती. ट्रॉली आपली, पाटी आपली, मग वस्तू आली की जागेवर लावायची, असं हातांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि लोकांना दिसत होती ती लखलखीत रिकामी ट्रॉली. चारचौघांत पहिला नंबर कुणी लावावा?

टापटीप स्वतःवरच हसली. मग तिनं जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट मुद्दाम केली. एक साबण, एक बनियन, एक दोऱ्याचं रीळ घेतलं आणि ट्रॉलीत वेडंवाकडं टाकून दिलं. बनियनची बाही बाहेर लोंबू दिली. ती बाही आत घालावी म्हणून तिची बोटं शिवशिवत होती, पण ती फाईल उचलून सरळ दुसऱ्या टोकाला गेली.

जेवणाच्या सुट्टीनंतर ट्रॉलीत रंगांची पेटी आली. मग चहाची किटली. मग कुणाचा तरी महागडा शांपू, चक्क लेबल वर करून. गुरुजी आले, त्यांनी पाटी वाचली, बास्केटमधली जॅमची बाटली काढून ट्रॉलीत ठेवली आणि रांगेत ताठ उभे राहिले. संध्याकाळी टॉवेलांत लोणी नव्हतं. लोणी ट्रॉलीत होतं, आणि अजून थंड होतं.

शनिवारी साहेब आले. टापटीपनं प्रेझेंटेशन तयार केलं होतं, रंगीत आलेखांसकट. साहेब म्हणाले, “ते नंतर. आधी उभे राहू.” ते बास्केट घेऊन गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिले, ट्रॉली भरताना बघितली, रांग संपली की पुन्हा मागे जाऊन उभे राहिले. बुलेटच्या तोंडाला त्या दिवशी कुलूप होतं. साहेबांचा माल तो इतक्या हळू सरकवत होता, की मागच्या बाईंनी विचारलं, मशीन बिघडलंय का.

मग सगळे जेवणाच्या खोलीत बसले. टापटीपनं आलेख दाखवले: आधीचे दिवस, हात बांधलेले दिवस, ट्रॉलीचे दिवस. पहिल्या पंधरवड्याचा रकाना तिनं रिकामा ठेवला नव्हता. तो भरून खाली लिहिलं होतं: ‘हे आकडे निरुपयोगी. निरीक्षकानं स्वतः माल जागेवर लावला.’

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे गाळता आलं असतं.”

“मग प्रश्न कळला कसा, ते सांगता आलं नसतं,” टापटीप म्हणाली.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि कॉलेजच्या कागदावर सही केली. “आणखी काही शाखांत ट्रॉली लावून बघतो. तुमचं नाव घालून पाठवतो. आणि पदवी झाली की इकडे अर्ज करा.”

“इकडे म्हणजे माझ्याकडे,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “कचेरीत नको. तिथे तिला लावायला काही सापडायचं नाही.”

सही झाल्याची बातमी घरी पोचली तेव्हा बाबा फक्त “बरं” म्हणाले. दादानं सांगितलं, की ते “बरं” म्हणून जे घराबाहेर पडले ते डेपोतल्या चौकीदारापासून गॅरेजच्या मेकॅनिकपर्यंत सगळ्यांना सांगून मगच परतले.

इंटर्नशिपचे थोडे दिवस अजून बाकी होते. पुढच्या रविवारी आई-बाबा इस्त्रीचे कपडे घालून दुकानात आले. टापटीपला आधी कळवलं नव्हतं. ती लांबून, पिठांच्या रांगेतून बघत राहिली. बाबांनी सगळं दुकान हात मागे बांधून पाहिलं, रॅकवरच्या मांडणीला दोन-तीनदा मान डोलावली. आईनं बास्केटमध्ये मोजकंच घेतलं. मग दोघं रांगेत लागले. रांग वळली. बाबांनी पाटी वाचली, सावकाश, ओठ हलवत. मग बास्केटमधून साबण उचलला आणि ट्रॉलीत ठेवला. नीट, काठाला समांतर.

“अहो, तो हवाय आपल्याला,” आई म्हणाली. “घरातला संपलाय.”

“संपू दे.”

“आंघोळ कशानं करणार?”

“एक दिवस बिनसाबणाची केली तर काय बिघडतं.” मग काउंटरशी पोचल्यावर त्यांनी बुलेटला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, “ती ट्रॉलीची सोय छान आहे. कुणाची कल्पना म्हणायची?”

बुलेटनं पिठांच्या रांगेतल्या इंटर्नबाईकडे एक नजर टाकली, बाबांच्या तशाच नाकाकडे एक नजर टाकली, आणि दोन्हींचा मेळ बसवला. “आहेत आमच्या एक मॅडम,” तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा. “फार हुशार. वळण मात्र घरचं आहे म्हणतात.”

बाबांनी मान हलवली, जणू ही माहिती त्यांना अगदी नवीन होती. आई हळूच मागे सरकून साबणाकडे हात नेत होती. बाबांनी तिचा हात धरला.

“राहू दे तिथेच,” ते म्हणाले. “तिला जागेवर लावायला काहीतरी नको का?”